वखार बोळातलं चौदा किलो मीठ

ओवी माईणकरचं लग्न ठरलं आणि त्याचं श्रेय चौदा किलो मिठाला जातं. मात्र असं काही घडलेलंच नाही, असं सांगलीच्या वखार बोळात सर्वानुमते ठरलेलं आहे. तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरून चालू. ओवीचं लग्न अजून ठरायचं आहे, घरात मीठ पाव किलोच आहे आणि तिचे वडील अनंतराव माईणकर पाटबंधारे खात्याच्या जीपमध्ये बसून कवठे महांकाळच्या दौऱ्यावर निघाले आहेत. साल पंच्याण्णव, महिना जून.

"सायेब, तूरडाळ कितीनं घेता?" ड्रायव्हर जालिंदरने विचारलं.

अनंतराव ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांना अशा विषयावर कुणी प्रश्न विचारत नसे. त्यामुळे ते बेसावधपणे खरं बोलून गेले. "अठ्ठावीस."

जालिंदरने जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं. अपघात बघितल्यासारखं तोंड करून तो साहेबांकडे वळला.

"अठ्ठावीस? आवं सायेब, लय लुटत्यात तुमाला! मार्केट यार्डात पंचवीसनं हाय. जोंधळा आमच्या म्हांकाळात घ्या, बेदाणा तासगावात, गूळ कराडात. समदं एकाच दुकानात घ्यायचं म्हंजे एकाच डाक्टरला दात बी दाखवायचा आन् गुडघा बी."

ही उपमा अनंतरावांच्या मनाला लागली. ओवीच्या लग्नाचा खर्च समोर होता. त्यांनी खात्याच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर दर उतरवून घेतले आणि संध्याकाळी घरी आल्यावर बायकोसमोर ठेवले. महिन्याला एकशे बारा रुपये वाचत होते.

गोदावरीबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आणि अण्णांना काय सांगायचं?"

इथे वखार बोळाची रचना सांगणं भाग आहे. या बोळाला तोंड एकच. दुसऱ्या टोकाला सरकारी धान्य वखारीची बावीस फूट उंच भिंत. आणि जे एकमेव तोंड आहे, तिथे बाळगोंडा मगदूम यांचं किराणा दुकान. अण्णा मगदूम सकाळी सहा ते रात्री नऊ गादीवर बसत. जेवतानाही तोंड रस्त्याकडे. बोळात कुणाच्या पिशवीत काय आलं, हे त्या घरातल्या बाईच्या आधी अण्णांना कळे. माईणकर तेवीस वर्षं त्यांचं गिऱ्हाईक होते. ओवीच्या बारशाचे घुगऱ्यांचे हरभरे ह्याच दुकानातून आले होते, आणि ते सांगायची एकही संधी अण्णांनी आजवर सोडलेली नव्हती.

तेही एक वेळ चाललं असतं. पण बोळातला एकमेव टेलिफोन अण्णांच्या दुकानात, जिऱ्याच्या डब्याशेजारी होता. माईणकरांनी स्वतःच्या फोनसाठी एकोणनव्वद साली अर्ज केला होता आणि त्यांचा नंबर आता फक्त दोन हजारांच्या मागे होता. त्यामुळे ओवीच्या माहितीपत्रकावर 'दूरध्वनी : पी.पी., मगदूम किराणा' असं लिहिलेलं. पंधरा दिवसांपूर्वी कराडची आळतेकर मंडळी ओवीला बघून गेली होती. मुलगा सौमित्र, तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. दोघांना गॅलरीत पाच मिनिटं बोलायला दिलं, तेव्हा त्याने विचारलं होतं, "स्वयंपाक आवडतो?" ओवी म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "मलाही नाही. मग खायला आवडणाऱ्यांनी काय करायचं?" यावर दोघं एकदम हसले होते. ओवी तेव्हापासून अण्णांच्या फोनची रिंग घरात बसून ओळखायला लागली होती. आळतेकरांचं उत्तर त्याच फोनवर यायचं होतं.

"अण्णा रुसले आणि फोन आल्यावर हाक मारली नाही तर?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"त्यांना कळणारच नाही," अनंतराव म्हणाले. "माल आतल्या आत येईल."

"बोळ एकतोंडी आहे, अहो. आतल्या आत कुठून येणार?"

अनंतरावांनी त्यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी चार पुडांचा जेवणाचा डबा धुवायला काढला.

तूरडाळ डब्यातून आली. अनंतराव संध्याकाळी साडेपाचला चारही पुडं डाळीने भरून बोळात शिरले. डबा नेताना एका बोटावर लटकत असे. येताना त्यांचा उजवा खांदा गुडघ्याकडे निघाला होता.

"काय ओ साहेब, डबा जड दिसतोय," अण्णा म्हणाले. "जेवला न्हाईसा व्हय?"

"भूक नव्हती."

"कालबी नव्हती."

अनंतरावांना काय बोलावं सुचेना. सुचत नाही तेव्हा माणूस काहीतरी विकत घेतो. मीठ तेवढं सगळीकडे एकाच भावाने मिळत होतं, म्हणून ते म्हणाले, "एक मिठाची पिशवी द्या."

हे फार सोयीचं निघालं. अण्णांचं दुकान टाळल्यासारखं होत नव्हतं, आणि अनंतरावांच्या मनाची टोचणी एका किलोत शांत होत होती. बाहेरचा माल घेऊन आत शिरलं की ते न चुकता मीठ घेत. दोन महिन्यांत त्यांची चौदा वेळा टोचणी झाली. गोदावरीबाईंनी मीठ आधी बरणीत भरलं, मग पिठाच्या डब्यात, मग कॉटखाली.

"दोन महिन्यांचे दोनशे चोवीस वाचले खरे," त्या म्हणाल्या. "त्यातले बेचाळीस कॉटखाली आहेत."

गोडेतेलाचा प्रश्न खात्याने सोडवला. ऑफिसच्या अडगळीत एक बाद झालेला पर्जन्यमापक पडून होता. पत्र्याचं उभं नळकांडं, वर नरसाळं, बाजूला पांढऱ्या रंगात 'महाराष्ट्र शासन'. त्यात पाच किलो तेल बसलं. अनंतरावांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून, शासकीय गांभीर्याने, बोळात आणलं.

"हे काय ओ?"

"पर्जन्यमापक. बोळातल्या पावसाची नोंद ठेवायची आहे."

अण्णा गादीवरून उठून उभे राहिले. तेवीस वर्षांत बोळाकडे शासनाचं प्रथमच लक्ष गेलं होतं. "आपल्या बोळात? मग रोज सांगत चला, किती पडला ते."

त्या दिवसापासून अनंतराव रोज सकाळी ऑफिसला जाताना थांबून सांगू लागले, "काल अकरा मिलिमीटर." अण्णा तो आकडा दुकानाच्या फळ्यावर, शेंगदाण्याच्या दराखाली, खडूने लिहीत. पुढे पुढे बोळातल्या बाया पापड वाळत घालायचे की नाही, ते फळा बघून ठरवू लागल्या. एका कोरड्या मंगळवारी अनंतरावांच्या तोंडून सवयीने 'सात' निघून गेलं. त्या दिवशी अख्ख्या बोळात कुणी पापड घातले नाहीत.

राहिली साखर. ती महिन्याला बारा किलो लागे, कारण माईणकरांकडे पाहुणे फार आणि चहा गोड. अशी वस्तू डब्यात मावत नाही आणि पर्जन्यमापकात विरघळते. अनंतरावांची नजर माळ्यावरच्या हार्मोनियमच्या पेटीवर गेली. आतली हार्मोनियम सासऱ्यांबरोबर केव्हाच संपली होती. पेटी तेवढी शाबूत होती, कडीसकट.

"बाबा, मला सारेगम पण येत नाही," ओवी म्हणाली.

"पेटी उचलायला कुठे यावं लागतं? तू क्लासला जातेस. मी पोचवायला येतो."

अशा रीतीने ओवीचा मार्केट यार्डात क्लास सुरू झाला. परतताना पेटीची एक बाजू ती धरी, एक अनंतराव. बारा किलो साखर घेऊन चालताना चेहरा संगीताचा ठेवणं अवघड असतं, पण ओवीला ते साधलं.

"पोरी, कवातर वाजवून दाखव की!" अण्णा प्रत्येक वेळी म्हणत.

"दाखवीन, अण्णा."

"गणपतीत कार्यक्रम ठेवू तुझा." अण्णा बोळाच्या मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी खरोखरच कार्यक्रमपत्रिकेत, संथ सायकल स्पर्धा आणि लिंबू-चमचा यांच्यामध्ये, 'कु. ओवी माईणकर : हार्मोनियमवादन' असं लिहून टाकलं.

इथवर सगळं अनंतरावांच्या योजनेप्रमाणे चाललं होतं. फक्त अण्णा मगदूम यांना डोकं आहे, ही गोष्ट योजनेत धरलेली नव्हती.

अण्णांनी मनाशी हिशेब मांडला. माईणकर साहेब दोन महिन्यांत डाळ नेत नाहीत, साखर नेत नाहीत, तेल नेत नाहीत. फक्त मीठ नेतात. भरलेला डबा ऑफिसातून तसाच परत आणतात, म्हणजे स्वतः उपाशी राहून घरच्यांना घालतात. कॉलेज झालेली पोर पेटी उचलून उन्हातान्हात फिरते, म्हणजे शिकवण्या करत असणार. तीन माणसांचं कुटुंब मिठावर आलं आहे आणि अभिमानी माणूस तोंडातून शब्द काढत नाही.

एका संध्याकाळी अण्णांनी अनंतरावांना दुकानाच्या कडेला घेतलं आणि एक पिशवी हातात दिली. आत डाळ, तांदूळ, पाव किलो चहा.

"घ्या साहेब. पैशाचं बघू कवातर. दिवस काय सारखे ऱ्हात न्हाईत."

अनंतरावांच्या दुसऱ्या हातात महांकाळचा दहा किलो जोंधळा होता, ऑफिसच्या फायलींच्या कापडी बस्त्यात बांधलेला. त्यांचे डोळे भरून आले. ते पाहून अण्णांचेही भरले. अनंतरावांनी पिशवी घेतली, कारण नाही म्हणण्यासाठी जे बोलावं लागलं असतं ते फारच खरं होतं.

"बघितलंस?" घरी आल्यावर ते म्हणाले. "देवमाणूस!"

"आणि आपण?" गोदावरीबाईंनी विचारलं. अनंतराव कॉटखाली मीठ ठेवायला वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

फोन आला तो शनिवारी, सहाला पाच कमी असताना. अनंतराव आणि ओवी पेटी घेऊन बोळात शिरत होते. अण्णा रिसीव्हर कानाला लावून केव्हाचे बोलत होते. त्यांनी हात उंच केला.

"साहेब, पळा! कराड!"

पेटी घेऊन पळता येत नव्हतं आणि रस्त्यात टाकताही येत नव्हती. बापलेकीने ती तशीच नेऊन दुकानाच्या फळीवर ठेवली. अण्णांनी रिसीव्हर देताना अनंतरावांना डोळा मारला आणि हळूच म्हणाले, "काळजी करू नगा. मी समदं सांगितलंय."

पलीकडे मुलाचे वडील, श्रीधरपंत आळतेकर. सहकारी संस्थांचे निवृत्त लेखापरीक्षक. त्यांचा फोनवर विश्वास नसल्याने ते कराडहून थेट सांगलीला ऐकू जाईल अशा बेताने बोलत. दुकानातल्या सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"माईणकर, मुलगी आम्हाला पसंत होती."

'होती' ऐकून ओवीने पेटीची कडी घट्ट धरली.

"माझी एक पद्धत आहे," श्रीधरपंत पुढे म्हणाले. "मी सोयरीक करताना पत्रिका बघत नाही, वाणी बघतो. आत्ता तुमच्या मगदूमांकडे दहा मिनिटं चौकशी केली. ते म्हणाले, माईणकरांचं घर म्हणजे राजाचं घर! महिन्याला नऊशेचा किराणा. काजू किलोने, तूप डब्याने, आणि मुलगी हौसेने पेटी शिकते."

अनंतरावांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा कृतार्थ चेहऱ्याने मान डोलावत होते.

"माझ्याकडे पाच माणसांत सहाशे दहा लागतात, माईणकर. तेही दिवाळी धरून. सौमित्र हट्ट धरून बसलाय, पण काजूच्या सवयीची मुलगी इथे सुकून जाईल. मला तिचं वाईट नाही करायचं. तेव्हा इथेच थांबू, असं म्हणतो."

अनंतरावांचं तोंड उघडलं. 'आम्ही नऊशेचा किराणा घेत नाही' एवढं एक वाक्य पुरे होतं. पण ते वाक्य अण्णांच्या दुकानात, अण्णांच्या फोनवर, अण्णांपासून एक हात अंतरावर उभं राहून म्हणायचं होतं. चार दिवसांपूर्वी त्याच अण्णांनी दिलेला चहा ते आज सकाळी प्यायले होते.

"त्याचं असं आहे, पंत…" ते म्हणाले. "म्हणजे, तसं नाही. म्हणजे, तसंच आहे, पण तितकं नाही."

"काय?"

"काल नऊ मिलिमीटर पडला," अनंतराव म्हणाले.

ओवीने वडिलांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. मग ती अण्णांकडे वळली.

"अण्णा, तुम्ही रोज म्हणता ना, वाजवून दाखव? आज दाखवते."

आणि तिने कडी काढून झाकण उघडलं.

अण्णा पेटीवर वाकले. मग त्यांनी चिमूटभर साखर तळहातावर घेतली, दाणा बोटाने चोळला आणि जिभेवर ठेवला.

"मार्केट यार्ड," ते म्हणाले. "साडेतेरा."

"अण्णा, डाळसुद्धा तिथलीच," ओवी एका दमात म्हणाली. "बाबा डब्यातून आणतात. जोंधळा महांकाळचा, बेदाणा तासगावचा. ते उपाशी नाहीत."

"आन् तेल?"

"पर्जन्यमापकातून."

अण्णांनी सावकाश मान वळवून फळ्याकडे पाहिलं. शेंगदाण्याखाली 'नऊ मि.मी.' लिहिलेलं होतं.

"म्हंजे पाऊस बी खोटा?"

"तो अंदाजे होता," अनंतराव म्हणाले.

अण्णांचा संताप झाला. त्यांनी अनंतरावांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

"ओ पंत! मी मगाशी सांगितलं ते समदं रद्द! मला वाटलं गरीब झाल्यात, म्हणून खोटं बोललो. गरीब कुठली! ही माणसं माझ्याकडनं काय सुदीक घेत न्हाईत! आठ आण्यासाठी यार्डात जात्यात, जोंधळ्याला म्हांकाळ, बेदाण्याला तासगाव! आन् पोरगी कसली पेटी शिकती? पेटीत पेटीच न्हाई! बारा किलो साखर हाय!"

मग श्रीधरपंतांचा आवाज आला, पूर्वीपेक्षा हळू. "काय दराने?"

"साडेतेरा."

"तुमच्याकडे?"

"चौदा."

"बारा किलोला सहा रुपये. पण रिक्षाचे गेले असतील."

"रिक्षा? बापलेकीनं चालत आणल्या, माझ्या डोळ्यांदेखत! दोन महिनं!"

"क्लासची फी?"

"क्लासच न्हाई तर फी कुठली!"

"तुमच्याकडून ते काहीच घेत नाहीत?"

"मीठ! मीठ तेवढं घेत्यात, चौदा किलो! ते बी कशापायी, तर मिठाचा दर समदीकडं सारखा हाय म्हणून!"

फोनमध्ये एक दीर्घ श्वास ऐकू आला. "दर सारखा, म्हणून सर्वांत जवळच्या दुकानातून," श्रीधरपंत म्हणाले. "वा! छत्तीस वर्षं मी संस्था तपासल्या, मगदूम. अशी एक सापडली नाही. द्या, माईणकरांना द्या."

अनंतरावांनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला.

"साखर आहेच तुमच्याकडे," श्रीधरपंत म्हणाले. "येत्या रविवारी साखरपुडा उरकून घेऊ. आणि माईणकर, त्या पेटीची मापं पाठवा."

अनंतरावांनी फोन ठेवला. ओवी रडत होती आणि हसत होती, दोन्ही पेटीकडे तोंड करून. ज्या माणसाने आत्ताच तिचं लग्न मोडण्याच्या भरात जमवून दिलं होतं, तो गादीवर पाठ करून बसला होता.

"तेवीस वर्सं," अण्णा भिंतीला म्हणाले. "बारशाचं हरभरं…"

"अण्णा," अनंतराव म्हणाले, "लग्नाचा सगळा किराणा तुमच्याकडून. अठ्ठावीसच्या डाळीसकट. शब्द देतो."

अण्णा वळले नाहीत. मग उठले, पेटीतली पिशवी उचलून काट्यावर ठेवली आणि पारड्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"अकरा किलो साडेसातशे! अडीचशे ग्राम कमी दिली तुमाला, साहेब!" इतक्या आनंदाने त्यांनी कधी कुणाचं नुकसान सांगितलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच्या पोत्यातून पाव किलो साखर काढली, त्यात ओतली आणि पेटीचं झाकण लावलं. "साखरपुड्याची साखर उणी नको. पैसे नगं. आन् आज हितं काय झालं न्हाई. मी काय बघितलं न्हाई. जावा, मागं गिऱ्हाईक हाय."

मागे गिऱ्हाईक म्हणजे अर्धा बोळ उभा होता. असं काही घडलेलंच नाही, हे तेव्हाच सर्वानुमते ठरलं. फळ्यावरचा पाऊस पुसण्यात आला. हार्मोनियमवादनाचा कार्यक्रम प्रकृतीच्या कारणास्तव रद्द झाला. कुणाच्या प्रकृतीच्या, ते मंडळाने जाहीर केलं नाही.

गोष्ट इथे सुखाने संपली असती. पण साखरपुडा झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात श्रीधरपंत कराडहून पहिल्या एसटीने आले. दोन्ही काखांत रिकामी पोती आणि खिशात सात गावांचे दर.

"चला व्याही," ते म्हणाले. "लग्नाचा किराणा. हिंडून घेऊ."

अनंतराव शब्दाला जागणारे होते. ते अण्णांना नाही म्हणू शकत नव्हते, आणि व्याह्यांना हो म्हटल्याशिवाय राहू शकत नव्हते. म्हणून आता डाळ दोन्हीकडून येते. दिवसा श्रीधरपंतांबरोबर घेतलेला माल अण्णांनी आत कधीच न बघितलेल्या पेटीतून बोळात येतो. आणि अण्णांकडून घेतलेला माल, श्रीधरपंत ओसरीवर बसून दर तपासत असल्यामुळे, घरात न येता त्याच पेटीतून बोळाबाहेर जातो. तो जालिंदरच्या घरी ठेवलाय. जालिंदरने अठ्ठावीसची डाळ ठेवून घेताना पुन्हा तसंच तोंड केलं होतं.

ओवी सौमित्रला पत्रातून हे सगळं कळवते. तो उत्तरात फक्त 'पुढे?' एवढंच लिहितो.

पुढे अनंतरावांनी खात्याच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर एक अर्ज लिहिला आणि रीतसर आवक क्रमांक घेऊन दाखल केला. त्याची नक्कल कॉटखाली, मिठाजवळ आहे.

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपालिका, सांगली.

विषय : वखार बोळास दुसरे तोंड मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, वखार बोळास सध्या एकच तोंड असून अर्जदारास घरात जाणे व घरातून येणे हे एकाच दुकानासमोरून करावे लागते. अर्जदाराकडे मंगलकार्य असल्याने रहदारी दोन्ही दिशांनी वाढली आहे. सबब, बोळाच्या पूर्व टोकास असलेली सरकारी धान्य वखारीची बावीस फूट उंचीची भिंत कार्यतिथीपूर्वी पाडून तेथे हार्मोनियमची एक पेटी व दोन माणसे शेजारी शेजारी जाऊ शकतील एवढ्या रुंदीचे दुसरे तोंड मंजूर व्हावे. भिंत पाडणे तांत्रिकदृष्ट्या शक्य नसल्यास आहे ते दुकान दररोज सायंकाळी साडेपाच ते सहा या वेळेत पश्चिमेकडे तोंड करून चालविण्याचे आदेश व्हावेत. दुकानदाराच्या भावना न दुखावता अंमलबजावणी व्हावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
अ. गो. माईणकर

ता. क. : मंजुरीबाबत फोनने कळवावयाचे असल्यास कृपया कळवू नये.